शेवटचे दोन बाक, उभे राहा

उभे राहा. शेवटच्या दोन बाकांवरचे सगळे. फोन बाकावर उलटे ठेवा आणि माना वर करा.

काल युवा संसदेत आपल्या वर्गातली मुलगी पाणीप्रश्नावर बोलली. मुद्द्याला धरून, न अडखळता बोलली. रात्री तुमच्या ग्रुपवर तिचा हिजाबमधला फोटो फिरला आणि खाली एकाने विचारलं, 'बोली किती?' बाकीचे हसले. गंमत केली म्हणता? ही गंमत कुठून आली ते ऐका.

1 जानेवारी 2022 रोजी 'बुली बाई' नावाच्या ॲपवर मुसलमान बायकांचे फोटो लिलावाला मांडलेले सापडले. पत्रकार, कार्यकर्त्या, जाहीरपणे बोलणाऱ्या बायका. त्याआधी जुलै 2021 मध्ये 'सुल्ली डील्स'ने हेच केलं होतं, आणि त्यात राजकीय पक्षाचं काम करणारीही होती. गुन्हा नोंदवला गेला, पण सहा महिने एकालाही अटक झाली नाही. दुसऱ्यांदा घडलं तेव्हा मुंबईच्या सायबर पोलिसांनी पकडायला सुरुवात केली. हाती कोण लागलं? कॉलेजात शिकणारी पोरं, आणि अठरा वर्षांची एक मुलगी. तुमच्याहून थोडीच मोठी! त्याच आठवड्यात, 3 जानेवारीला, राज्यभर सावित्रीबाईंच्या तसबिरीला हार घातले गेले. यंदा आपल्याकडे त्या दिवशी भाषण तूच केलंस ना? मग खाली काय बघतोस?

'राजकारणात यायचं तर ऐकून घ्यावं लागतं', असं मघाशी कुणीतरी पुटपुटलं. काय ऐकून घ्यायचं? ॲम्नेस्टी इंटरनॅशनलने 2019च्या लोकसभा निवडणुकीच्या काळात आपल्याकडच्या 95 महिला नेत्यांचा उल्लेख असलेली ट्विटं तपासली. दर सातांत एक त्रास देणारं किंवा शिवीगाळीचं निघालं. धर्म आणि वंशावरून दिलेल्या शिव्या मुसलमान नेत्यांच्या वाट्याला इतर धर्मांच्या बायकांपेक्षा 94 टक्क्यांनी जास्त आल्या. या 95 जणी वेगवेगळ्या पक्षांच्या होत्या. पक्ष बदलून सुटका होत नाही, हे नीट समजून घ्या. आणि हे फक्त आपल्याकडेच होतं असंही नाही. ब्रिटनमध्ये डायान ॲबट 1987 पासून खासदार आहेत, तिथल्या पहिल्या कृष्णवर्णीय महिला खासदार. 2017च्या मतदानाआधीच्या सहा आठवड्यांत महिला खासदारांना आलेल्या शिवीगाळीच्या ट्विटांपैकी जवळजवळ निम्मी त्यांच्या एकट्यांच्या नावावर होती.

आणि शिवीवर थांबत नाही. सोमालियातून निर्वासित म्हणून अमेरिकेत आलेल्या इल्हान ओमर 2018 साली मिनेसोटातून निवडून गेल्या. त्या आणि रशिदा तलैब या तिथल्या काँग्रेसमधल्या पहिल्या मुसलमान महिला. मार्च 2019 मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या एका माणसाने ओमर यांच्या कार्यालयात फोन करून सांगितलं, तिच्या डोक्यात गोळी घालीन. फोन कर्मचाऱ्याने उचलला होता. रोज सकाळी कामावर येऊन असे फोन उचलणाऱ्यांचा विचार तरी केलात कधी? त्या माणसाने गुन्हा कबूल केला, त्याला एक वर्ष एक दिवसाची कैद झाली. शिक्षेआधी ओमर यांनीच न्यायाधीशांना पत्र लिहून त्याच्यासाठी दया मागितली होती.

याच ओमर यांची खिल्ली उडवणारं एक चित्र तुम्हीच मागे ग्रुपवर ढकललं होतं. आता सांगा, त्यांचं संसदेतलं कोणतं मत तुम्हाला पटत नाही? एक सांगा. अर्धं सांगा. माहीतच नाही ना! मग तुमचा राग मताचा नव्हता. ती बाई बोलते, निवडून येते, तोंड लपवत नाही, हे तुम्हाला खुपलं. कालही तेच खुपलं. या मुलीला पुढच्या वर्षी विद्यार्थी परिषदेला उभं राहायचं आहे. आज सकाळी तिने येऊन विचारलं, 'मॅडम, नाव मागे घेऊ का?' तुमच्या एका ओळीने एवढं काम केलं. मी तिला नाही म्हटलंय, आणि ते नाव मागे घेतलं जाणार नाही, हे मी बघेन.

ग्रुपवरचं काहीही पुसायचं नाही. प्राचार्यांना जसंच्या तसं दाखवायचं आहे. तुमच्या आईवडिलांना उद्या दहाला बोलावलंय, तिच्या घरचेही येतील. ज्याने 'बोली किती' लिहिलं, त्याने ते सगळ्यांसमोर स्वतःच्या तोंडाने वाचून दाखवायचं आणि मग तिची माफी मागायची. हसलेल्या प्रत्येकाने तिचं पाणीप्रश्नावरचं भाषण मुद्द्यांसकट लिहून आणायचं. जिथे ती चुकली असं वाटेल, तिथे आकड्यांनिशी खोडून काढा. ते मी आनंदाने वाचेन, आणि तीही वाचेल.