माथेरानला निघण्याआधी

चि. बाळास,


रविवारी माथेरानला जातोय म्हणालास, नि लगेच ‘दोन तासांत बघून होईल ना, आजी?’ असंही विचारलंस. तुझ्या चांगुलपणाची मला कधीच काळजी नव्हती. काळजी आहे ती घाईची.

डोंबिवलीच्या आपल्या गच्चीवरून मलंगगड दिसतो ना, त्याच रांगेत दक्षिणेकडे हे गाव, साधारण ८०० मीटर उंचीवर. १८५० च्या मे महिन्यात ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट पायी वर चढले आणि मग तिथे बंगले उभे राहिले. त्यांनीच माथेरान शोधलं असं म्हणतात, पण मला ते पटत नाही. डोंगरातल्या ठाकर-कातकऱ्यांच्या आणि धनगरांच्या पायांना त्या वाटा आधीच ठाऊक होत्या.

नेरळहून माथेरानला चढणाऱ्या छोट्या गाडीचा मार्ग पीरभॉय कुटुंबानं बांधला, १९०४ ते १९०७ या काळात. जेमतेम वीस किलोमीटरला ती दोन तासांहून जास्त घेते, वळणावळणानं, अगदी दमानं. मोटारी गावाबाहेर दस्तुरी नाक्यालाच थांबतात. पुढे पायी किंवा घोड्यावरूनही जाता येतं. (स्वेटर घे हो, कपाटात खालच्या फळीवर आहे.)

आणि माणसं किती? २००१ च्या जनगणनेत ५,१३९, तर २०११ मध्ये ४,३९३. अरे, सकाळच्या आपल्या एका खच्चून भरलेल्या लोकलमध्ये अख्खं गाव मावेल! इथे कल्याण-डोंबिवलीत बारा लाखांच्या वर माणसं, आणि तिथे दहा वर्षांत साडेसातशे कमी. कॉलेजसाठी, नोकरीसाठी खाली उतरलेली मुलं परत वर गेली नसावीत, असं मला आपलं वाटतं. म्हणून तिथे मागे राहिलेल्या एखाद्या बाईकडून जांभळं, मध घेशील तेव्हा घासाघीस करू नकोस. काटकसर आपल्या चैनीत करायची, तिच्या घामात नाही.

एवढ्याशा गावानं माणूस मात्र केवढा दिला! भाई कोटवाल तिथलेच, जन्म १९१२ चा. वकील झाले, नगरपालिकेत काम केलं आणि बेचाळीसच्या ‘चले जाव’ लढ्यात आझाद दस्ता नावाचं पथक उभारून मुंबईला वीज नेणारे मनोरे पाडले. २ जानेवारी १९४३ ला आपल्या मुरबाडच्या सिद्धगडावर ते आणि हिराजी पाटील पोलिसांच्या गोळ्यांना बळी पडले. तिशीच उलटली होती रे त्यांची. गावात त्यांचं नाव दिसेल तिथे क्षणभर थांब.

पहाटे चारला उठवते तुला. दशम्या आणि लसणाची चटणी फडक्यात बांधून ठेवते, पाण्याची बाटली घरूनच भरून ने. डोंबिवली स्टेशनवर धावत गाडी पकडू नकोस, बाळा. सुटली तर नेरळला जाणारी पुढची कर्जत लोकल घे.

तुझी,
आजी