नटाची नीती

गोल्फ हा सावकाशीचा खेळ. गाडीही सावकाश चालावी म्हणून तिथल्या पेट्रोलवाल्या गाडीत गव्हर्नर असतो. ताशी १२-१५ मैल झाले, की हा कारभारी थ्रॉटल आवरतो. गंमत अशी, की कारभाऱ्याची स्प्रिंग एका नटावर असते. पाना घ्या, नट आवळा, गाडी सुसाट! अमेरिकन सरकारने १९९८ साली नियम केला : २० मैलांच्या वर, २५ पर्यंत पळणारी असली गाडी रस्त्यावरचं वाहन समजायची, तिला दिवे, आरसे, पट्टे हवेत. वेग वाढला, की जबाबदारीही वाढते.

पण मला सांगा, गव्हर्नरमुळे हळू चालणारी गाडी संयमी म्हणायची का? आम्हा बँकवाल्यांची सचोटी तरी काय! तिजोरीला दोन किल्ल्या, व्हाउचरवर दुसऱ्याची सही, वर ऑडिट. निवृत्तीला ‘निष्कलंक सेवा’ म्हणून हार घालतात. त्यातला निम्मा त्या दुसऱ्या किल्लीला घालायला हवा.

खरी परीक्षा पान्याची. पाना खिशात आहे, बघणारं कोणी नाही, तरी नट जागचा हलला नाही, तर तेवढीच आपली कमाई. बाकीचं पुण्य स्प्रिंगच्या खात्यात जमा!