होसे मारिया तो, मारिया होसे ती

स्पॅनिश भाषेत चंद्र स्त्रीलिंगी आणि सूर्य पुल्लिंगी. शेवटी ‘ओ’ असला की बहुधा पुल्लिंग, ‘आ’ असला की स्त्रीलिंग, हे शिकणाऱ्याला पहिल्याच आठवड्यात सांगतात. अशा भाषेत मुलाला आणि मुलीला सारखीच शोभतील अशी नावं कुठून मिळणार, असं कुणालाही वाटेल. पण ती मुबलक आहेत, आणि जुनी आहेत. स्त्री-पुरुष समतेच्या चळवळीशी त्यांचा काडीचा संबंध नाही. ती आली मेरीमातेच्या भक्तीतून आणि चर्चच्या पंचांगातून.

मेरीची रूपं अनेक, आणि प्रत्येक रूपाचं नाव मुलींना मिळालं. कोन्सुएलो म्हणजे सांत्वन, आम्पारो म्हणजे आसरा, सोकोरो म्हणजे मदत, रोसारिओ म्हणजे जपमाळ, रोसीओ म्हणजे दव. व्याकरणाने हे सगळे शब्द पुल्लिंगी, पण स्पेनमध्ये ही नावं बायकांची. भक्तीपुढे व्याकरणाचं काही चाललं नाही. उलट दिशेने खुद्द मारिया, म्हणजे मेरीच, पुरुषांच्या नावात शिरली. 1996 ते 2004 या काळात स्पेनचे पंतप्रधान होते होसे मारिया आस्नार. मेक्सिकोच्या स्वातंत्र्ययुद्धात लढलेले पाद्री होसे मारिया मोरेलोस. अशा होसे मारियाला घरात, मित्रांत ‘चेमा’ म्हणतात. तीच दोन नावं उलटी लावून मारिया होसे केलं की ती बाई. आधी येणारं नाव लिंग ठरवतं, मागचं फक्त आशीर्वादापुरतं.

पंचांगाचा प्रताप याहून गमतीचा. ज्या संताच्या दिवशी मूल जन्मलं त्याचं नाव मुलाला, ही जुनी चाल. 21 जुलै 1825 रोजी ला रिओहा प्रांतातल्या एका डोंगरी गावात मुलगा जन्मला. तो दिवस रोमच्या संत प्राक्सेदेसचा. प्राक्सेदेस स्त्री होती, पण पंचांगापुढे कोण बोलणार? हाच मुलगा पुढे प्राक्सेदेस मातेओ सागास्ता म्हणून अनेकदा स्पेनचा पंतप्रधान झाला. 1890 मध्ये सर्व प्रौढ पुरुषांना मताधिकार मिळाला तो याच्याच सरकारच्या काळात. ज्या संतिणीचं नाव त्याने जन्मभर मिरवलं, तिच्यासारख्या बायकांना मात्र मतासाठी 1931 च्या राज्यघटनेपर्यंत थांबावं लागलं. उभयलिंगी नावाने समाज उदार होत नाही, याला याहून चांगला दाखला मला माहीत नाही.

मेक्सिकोचे पहिले राष्ट्राध्यक्ष ग्वादालुपे व्हिक्टोरिया. आज ऐकताना बाईचं नाव वाटावं, पण हा बंडखोर सेनापती. मूळ नाव होसे मिगेल फर्नांदेस इ फेलिक्स. 1810 मध्ये मेक्सिकोच्या स्वातंत्र्यासाठी उठलेल्या फादर इदाल्गोने बंडाच्या निशाणावर ग्वादालुपेची मेरी घेतली होती. तिचं नाव आणि ‘विजय’ हा शब्द जोडून या गड्याने स्वतःचं नवं बारसं केलं. बाळांच्या नावांच्या याद्यांत ग्वादालुपेपुढे ‘लांडग्यांची दरी’ असं ठोकून दिलेलं असतं. वास्तविक हे स्पेनमधल्या एका नदीचं नाव. पहिला तुकडा अरबी ‘वादी’ हे बहुतेकांना मान्य, दुसऱ्यावर वाद आहे. पण मेक्सिकोत लेकराला ग्वादालुपे म्हणणारी आई लांडग्यांचा विचार करत नसते. तिच्या डोळ्यांपुढे ग्वादालुपेच्या मेरीची 12 डिसेंबरची जत्रा असते.

त्रिनिदाद, म्हणजे पिता-पुत्र-पवित्र आत्मा हे त्रैक्य, हेही दोघांना चालतं: होंडुरासचे राष्ट्राध्यक्ष होसे त्रिनिदाद काबान्यास पुरुष, स्पेनच्या माजी परराष्ट्रमंत्री त्रिनिदाद हिमेनेस बाई. क्रूस आणि रेयेस (बाळ येशूच्या भेटीला आलेले तीन राजे) त्याच पठडीतली. ही रीत पोर्तुगीजांकडेही होती, म्हणून ती आपल्या दारापर्यंत आली. गोव्याचे व्यंगचित्रकार मारिओ मिरांडा यांच्या लांबलचक पूर्ण नावात ‘दो रोझारिओ’ आहे, तीच जपमाळ.

कायदा मात्र या बाबतीत भक्तीपेक्षा कडक निघाला. लिंगाबद्दल गैरसमज होईल असं नाव स्पेनच्या नोंदणी कार्यालयात कित्येक वर्षं चालत नसे. होसे मारिया सुटे, कारण होसे पुढे. बास्क भाषेत तर नामाला लिंगच नाही. तिथे पेद्रोचा ‘केपा’ होतो, शेवटी ‘आ’ असून मुलगा. हुकूमशहा फ्रँकोच्या राजवटीत, 1938 च्या हुकुमाने, अशा बास्क नावांवर बंदीच आली, ती 1977 च्या कायद्याने उठली. लिंगाची अट गेली ती 2011 च्या नोंदणी कायद्याने, आणि तो अमलात यायला 2021 उजाडलं.

आता याद्यांत आरिएल, आलेक्स अशी नावं पुढे असतात. वाईट नाहीत, पण त्यांच्यामागे ना जत्रा, ना आजी. उभयलिंगी नाव हवं असेल तर मी ग्वादालुपेच सुचवेन. स्पेनच्या 2023 च्या कायद्यात तर स्पष्टच लिहिलं आहे की नाव गोंधळाचं आहे का हे ठरवताना ते लिंगाशी जुळतं की नाही, हे पाहायचं नाही.