बीजाचा दोष आणि मुलाचा अपराध

क्रूर मुलाच्या प्रतिमेला भयपटातील एक हुकमी युक्ती म्हणून निकालात काढता येत नाही. मूल निरागस असते ही श्रद्धा जितकी दृढ, तितकी ही प्रतिमा अस्वस्थ करते. आणि या अस्वस्थतेवर जे स्पष्टीकरण शोधले जाते, त्यात त्या समाजाची नीतिकल्पना उघडी पडते.

विल्यम मार्च यांच्या १९५४ मधील कादंबरीवर मॅक्सवेल अँडरसन यांनी त्याच वर्षी नाटक रचले. त्यावरून मर्व्हिन लेरॉय यांचा 'द बॅड सीड' हा चित्रपट १९५६ मध्ये आला. हस्ताक्षराचे पदक आपल्याला न मिळता वर्गमित्राला मिळाले, म्हणून आठ वर्षांची रोडा त्याचा जीव घेते. आपली जन्मदात्री खुनी होती हे तिच्या आईला, क्रिस्टीनला, उमगते; दोष एक पिढी वगळून नातीत उतरला, असे संहिता सुचविते. कादंबरीत व नाटकात आई मरते आणि रोडा जगते. चित्रपटात मात्र, अपराधाला शासन झालेच पाहिजे या हॉलिवूडच्या तत्कालीन आचारसंहितेपायी, रोडावर वीज कोसळते. येथे एक तार्किक पेच आहे. दोष रक्तातच असेल, तर कृती करणाऱ्याला निवड उरत नाही आणि शिक्षेचा आधार नाहीसा होतो. शिक्षा न्याय्य मानायची, तर निवडीचे स्वातंत्र्य मान्य करावे लागते. चित्रपटाला दोन्ही हवे आहेत.

हा पेच आपल्याला परका नाही. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने, आणि १९११ नंतर साऱ्या ब्रिटिश हिंदुस्थानात, जन्म हाच पुरावा मानून काही जमातींवर पाळत व निर्बंध लादले गेले. हा कायदा १९५२ मध्ये रद्द झाला. 'खाण तशी माती' ही समजूत रद्द झाली नाही. लक्ष्मण गायकवाड यांच्या 'उचल्या'मध्ये (१९८७) मूल चोरी शिकते ते भुकेच्या आणि पोलिसी माराच्या छायेत. 'बीज' या रूपकाने नेमकी ही परिस्थिती झाकली जाते. रूपक शेतीतले आहे, पण शेतीचे ज्ञान त्याच्या बाजूचे नाही: पऱ्हे पिवळे पडले तर गोंदियाच्या धानपट्ट्यातील शेतकरी बियाण्याइतकीच बांधीची आणि पाण्याचीही चौकशी करतो.

याच प्रश्नाला अरुणा राजे व विकास देसाई यांच्या 'गहराई' (१९८०) या हिंदी चित्रपटाने वेगळे वळण दिले. त्याच्या लेखनात विजय तेंडुलकरांचा सहभाग होता. चन्नबसप्पा (श्रीराम लागू) गावाकडची जमीन साबणाच्या कारखान्यासाठी विकतो आणि त्याची मुलगी उमा (पद्मिनी कोल्हापुरे) परक्या आवाजात बोलू लागते. त्या आवाजातून जमिनीची राखण करणाऱ्या बसवाच्या पत्नीवर चन्नबसप्पाने केलेला जुना अन्याय उघड होतो. वारसा येथेही आहे. तो रक्ताचा नसून कृत्याचा आहे. दोन्ही चित्रपटांत घरातले सत्य नोकराच्या बाजूने उमटते, हा योगायोग वाटत नाही. रोडाचे खरे रूप हेरणारा आवारातील नोकर जाळला जातो. बसवाच्या घराची व्यथा मुलीच्या देहातून बोलते.

तरीही 'गहराई'चे उत्तर पूर्णतः स्वीकारता येत नाही. बापाचे पाप वाहणारी उमा स्वतः कोण आहे, हे आपल्याला क्वचितच कळते. रोडा रक्ताची बाहुली ठरते, उमा पापाची. मुलाला स्वतःचे मन असू शकते, हा विचार दोन्हीकडे मागे पडतो. या बाबतीत आपला कायदा अधिक विवेकी म्हणावा लागेल. सात वर्षांखालील मुलाची कृती अपराध ठरत नाही, आणि सात ते बारा या वयात त्याची समज किती परिपक्व होती हे पाहावे लागते. १८६० च्या दंडविधानातील ही तरतूद २०२३ च्या भारतीय न्याय संहितेतही कायम आहे. आठ वर्षांच्या रोडाबाबत कायद्याने तिची आजी कोण होती हे विचारले नसते. तिला काय कळत होते, हे विचारले असते. समीक्षेनेही अशा मुलांच्या कथा वाचताना हाच प्रश्न आधी विचारावा, आणि त्यासोबत, तिला जे कळत होते ते तिने कोणाकडून शिकले, हेही.