परमुलखातील ग्रंथकर्ते

मालवणाहून दक्षिणेकडे निघालेला मनुष्य वेंगुर्ला, शिरोडा मागे टाकून आरोंद्यास पोचला आणि तेथे तरीत बसून तेरेखोलच्या खाडीपलीकडे किरणपाणीस उतरला, की १९६१ च्या १९ डिसेंबरापूर्वी तो परदेशात गेलेला असे. माडांची बने तीच, तिरफळ घातलेले बांगड्याचे तिखले तेच, देवाला कौल लावण्याची रीतही तीच. परंतु नाक्यावरचा शिपाई निराळ्या सरकारचा, खिशातले नाणे निरुपयोगी आणि दप्तराची भाषा पोर्तुगीज. १९४८ पर्यंत तर अलीकडच्या बाजूलाही एकछत्री अंमल नव्हता. सावंतवाडीचे संस्थान वेगळे आणि मालवण-वेंगुर्ल्याचा मुलूख इंग्रजांच्या रत्नागिरी जिल्ह्यात. ज्या किनाऱ्यावर परदेश हा सात समुद्रांपलीकडे नसून खाडीपलीकडे होता, त्या किनाऱ्यावर बसून देशांतर केलेल्या लेखकांच्या ग्रंथांचा विचार करू लागले, म्हणजे त्या विषयाची रूढ मांडणी अपुरी वाटू लागते.

रूढ मांडणी अशी की, मनुष्य जन्मभूमी सोडतो, दूर जाऊन राहतो, तेथे त्याला घरची आठवण छळते आणि त्या छळातून पुस्तक निर्माण होते. आपल्या कोकणाला ही मांडणी विशेष प्रिय असण्याचे कारण उघड आहे. गणपतीला गावी येणाऱ्या चाकरमान्याच्या रूपाने विरहाची ही भावना आम्ही घरोघरी पोसलेली आहे. परंतु या आठवणींतून उत्तम ललित गद्य निघाले तरी थोर ग्रंथ क्वचितच निघतो, असे माझे मत आहे. अमेरिकेत वा कॅनडात स्थायिक झालेल्या मराठी मंडळींनी निष्ठेने बरेच लेखन केले, टोरांटोहून 'एकता'सारखे नियतकालिक चालविले, ही गोष्ट आदरास पात्र खरीच. तथापि त्यांतील पुष्कळसे लेखन ज्या अंगणाविषयी आहे ते अंगण लेखकाच्या मनाबाहेर आता उरलेले नाही, आणि ज्या शेजाऱ्याच्या दाराशी तो प्रत्यक्ष राहतो तो शेजारी त्या पानांत पाहुण्यासारखा येऊन जातो. मीना प्रभूंचे 'माझं लंडन' मला यापेक्षा वेगळे वाटते, कारण तेथे राहत्या शहराची ओळख इकडच्या वाचकाला करून देण्याचे निश्चित काम लेखिकेने पत्करले आहे. देशांतरितांच्या ग्रंथाची परीक्षा करताना लेखकाने काय सोडले हे विचारण्याआधी तो कोणाशी बोलत आहे हे विचारावे.

या प्रश्नाचे सर्वांत धीट उत्तर मराठीत एका परक्या माणसाने दिलेले आहे. टॉमस स्टीफन्स हा इंग्लंडातील विल्टशर परगण्याचा. जन्म १५४९ च्या सुमाराचा. एलिझाबेथ राणीच्या अमलात कॅथलिक पंथीयांना जो जाच सोसावा लागला, त्यात त्याचा स्नेही टॉमस पाउंड तुरुंगात पडला. स्टीफन्स निसटून रोमला गेला आणि १५७५ मध्ये जेझुइट संघात दाखल झाला. चार वर्षांनी लिस्बनहून गलबतात बसून तो १५७९ च्या ऑक्टोबर महिन्यात गोव्यास उतरला. पैठणच्या एकनाथांचे भागवत पुरे होऊन तेव्हा अवघी सहा वर्षे लोटली होती. या मनुष्याचे उरलेले सारे आयुष्य, म्हणजे चाळीस वर्षे, मुख्यतः गोव्याच्या साष्टी प्रांतात गेले. १६१९ मध्ये तो तेथेच वारला. भावाला १५८३ मध्ये लिहिलेल्या पत्रात त्याने येथल्या भाषांचे ग्रीक आणि लॅटिन यांच्याशी असलेले साम्य नमूद केले आहे. विल्यम जोन्सने हीच गोष्ट विद्वत्सभेपुढे मांडून कीर्ती मिळविली ती दोन शतकांनंतर. अर्थात स्टीफन्सला सिद्धान्त मांडायचा नव्हता; त्याला बोलायला शिकायचे होते.

त्या शिकण्याचे फळ म्हणजे १६१६ मध्ये रायतूर येथे छापून निघालेले 'ख्रिस्तपुराण'. दोन पुराणे, ९५ अवस्वर म्हणजे अध्याय, १०,९६२ ओव्या. नागरी अक्षरांचे खिळे त्या काळी उपलब्ध नव्हते, म्हणून ही मराठी ओवी रोमन लिपीत छापावी लागली. बायबलातील कथा सांगताना स्वर्गाला वैकुंठ म्हणावयास तो कचरला नाही, आणि मराठीची थोरवी गाणाऱ्या त्याच्या ओव्या तर क्रमिक पुस्तकांच्या कृपेने अशाही लोकांना पाठ आहेत ज्यांनी त्या ग्रंथाचे दुसरे पान कधी पाहिलेले नाही. पोलंडचा जोझेफ कॉनराड विशीनंतर बोटीवर इंग्रजी शिकला आणि त्या भाषेतील श्रेष्ठ कादंबरीकारांत गणला गेला, याचे जगाने मोठे कौतुक केले, ते योग्यच आहे. परंतु कॉनराडला इंग्रजी कादंबरीची वाहती बाजारपेठ लाभली होती. स्टीफन्सला असा वाचकवर्ग आयता मिळालेला नव्हता. ज्यांच्यासाठी लिहायचे त्यांच्या पुराणश्रवणाच्या सवयीत शिरूनच त्याला आपला श्रोता मिळवावा लागला.

येथे एक कटू गोष्ट सांगितल्यावाचून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. हा श्रोता पुराणांवाचून रिकामा का झाला होता? साष्टीतील देवळे १५६७ च्या सुमारास पाडण्यात आली होती, धर्मसमीक्षण सभा (इन्क्विझिशन) १५६० मध्येच स्थापन झाली होती, आणि बाटलेल्या लोकांना त्यांचे जुने ग्रंथ वाचण्याची बंदी होती. ग्रंथाच्या आरंभी स्टीफन्सने स्वतःच असा प्रसंग घातला आहे की, एक नवा ख्रिस्ती झालेला ब्राह्मण त्याला विचारतो : आमची जुनी पुराणे तुम्ही वर्ज्य केलीत, मग त्यांच्या जागी दुसरे पुराण आम्हांला का देत नाही? या प्रश्नात विनंती आहे, आणि बारकाईने ऐकले तर फिर्यादही आहे. धर्मापायी स्वदेशास मुकलेला मनुष्य येथे येऊन दुसऱ्यांच्या धर्मावर हुकमत चालविणाऱ्या सत्तेच्या आश्रयाने राहिला, ही विसंगती त्याच्या कवित्वाने पुसली जात नाही. मात्र ती फिर्याद त्याने आपल्याच ग्रंथात दाखल करून घेतली, दडपली नाही. भाकरीच्या शोधात गेलेला परदेशस्थ आणि राजसत्तेच्या छायेत आलेला परदेशस्थ हे दोघे एकाच मापाने मोजता येत नाहीत. आणि तरीही गावकऱ्यांच्या प्रश्नाला उत्तर म्हणून काव्य रचणारा पाद्री त्या सत्तेच्या इतर नोकरांहून निराळा दिसतो.

त्याच्या पुस्तकाचे पुढील नशीब लेखकाइतकेच प्रवासी निघाले. १६४९ आणि १६५४ मध्ये ते पुन्हा छापले गेले. त्या तिन्ही आवृत्त्यांपैकी एकाही प्रतीचा आज ठाव नाही. १६८४ मध्ये व्हाइसरॉयने फर्मान काढून येथल्या लोकांनी तीन वर्षांच्या आत देशी भाषा सोडून पोर्तुगीज बोलावे असा हुकूम केला. परंतु गोव्यातून कानडा मुलखात उतरलेल्या ख्रिस्ती कुटुंबांनी हस्तलिखित नकला जपून ठेवल्या होत्या, आणि त्यांच्या आधारे जे. एल. साल्ढाणा यांनी १९०७ मध्ये मंगळुरास ग्रंथ रोमन लिपीतच प्रसिद्ध केला. नागरी अक्षरांतील एक जुनी पोथी विल्यम मार्सडेनच्या संग्रहातून लंडनमध्ये सापडली. मराठी वाचकाच्या हाती बाळबोध लिपीत छापलेला ग्रंथ आला तो १९५६ मध्ये, पुण्यास शांताराम बंडेलू यांनी केलेल्या आवृत्तीच्या रूपाने. मधल्या ३४० वर्षांत आपल्या वाङ्मयसंशोधकांना महानुभावांच्या सांकेतिक लिप्या उलगडता आल्या, ही गोष्ट येथे नोंदवून ठेवतो.

उलट्या दिशेने तेरेखोल ओलांडणाऱ्यांतही एक असा आहे की त्याच्यावाचून हा विषय पुरा होत नाही. वेंगुर्ल्याजवळच्या केळुस गावचे कृष्णराव अर्जुन केळुसकर मुंबईस शिक्षक झाले आणि १८९८ मध्ये त्यांनी 'गौतमबुद्धाचें चरित्र' प्रसिद्ध केले. त्याची एक प्रत पुढे त्यांनी मॅट्रिक झालेल्या भीमराव आंबेडकरांना भेट दिली, हे सर्वश्रुत आहे; परंतु बुद्धाच्या चरित्राची ओढ पोर्तुगीज हद्दीतील सांखवाळच्या एका तरुणालाही लागली होती. तो तरुण म्हणजे धर्मानंद कोसंबी. १८९९ मध्ये घर सोडून तो पुणे, काशी, नेपाळ करीत १९०२ मध्ये सिंहलद्वीपास पोचला, तेथे पाली शिकला, ब्रह्मदेशात भिक्षू म्हणून राहिला, पुढे हार्वर्डला आणि १९२९ मध्ये लेनिनग्राडलाही जाऊन आला. काटेकोर अर्थाने हे देशांतर नव्हे, कारण कोसंबी कोठेही घर करून राहिले नाहीत. परंतु १९२४ चे त्यांचे 'निवेदन' वाचताना जाणवते की, ज्या देशात ते जात त्या देशाचे ते प्रथम विद्यार्थी होत. उपास, हिवताप, पैशाची चणचण यांचा हिशेब ते मामलेदार कचेरीतील कारकुनाच्या कोरडेपणाने मांडतात. घरच्या आठवणीने ओलावलेली पाने शोधू जाल तर थोडी सापडतील. बाहेरून आणलेली विद्या 'भगवान बुद्ध' या ग्रंथात त्यांनी मराठीच्या ओटीत घातली.

स्टीफन्स नव्या मुलखाशी बोलला, कोसंबी परत वळून जुन्या मुलखाशी बोलले. तिसरा प्रकार विलास सारंगांचा, आणि तो मला सर्वांत एकाकी वाटतो. कारवारला १९४२ मध्ये जन्मलेले सारंग इंग्रजीचे प्राध्यापक. सत्तरच्या दशकात ते इराकमधील बसरा विद्यापीठात शिकवीत होते. बसरा हे नाव आमच्या बंदरांना अपरिचित नाही. बसऱ्याचे मोती आमच्या आज्यांच्या नथींत होते. परंतु १९८३ मध्ये आलेल्या 'एन्कीच्या राज्यात' या कादंबरीतील बसरा मोत्यांचा नव्हे, तर हुकूमशाहीच्या करड्या नजरेखाली वावरणाऱ्या शहराचा आहे, आणि एन्की हा सुमेरी लोकांचा प्राचीन जलदेव. या कादंबरीत इकडच्या वाचकाला सुखविणारी आठवण नाही, तिकडच्या वाचकाला कळावी अशी भाषा नाही. मराठी वाचकाने मराठीतच, पण परक्या देवाच्या राज्यात, काही काळ निराधार राहावे एवढीच तिची अपेक्षा आहे. ती अपेक्षा फार थोड्यांनी पुरी केली. सारंगांना वाचक कमी लाभले याचा दोष त्यांच्या थंड शैलीला देण्याची पद्धत आहे. मला तो दोष आमच्या सवयीचा वाटतो, कारण परदेशाहून आलेल्या लेखकाकडून आम्ही एक तर भेटवस्तू मागतो नाही तर अश्रू, आणि या गृहस्थांनी यांपैकी काहीच आणले नव्हते.

राहता राहिले ते, ज्यांनी काहीच लिहिले नाही. एकोणिसाव्या शतकात रत्नागिरी आणि सावंतवाडीच्या मुलखातून गिरमिटावर म्हणजे मजुरीच्या करारावर अंगठा उठवून कितीतरी कुळे मॉरिशसच्या उसाच्या मळ्यांत गेली. त्यांच्यापाशी लिपी नव्हती. अभंग होते, कुलदैवते होती, आणि तेथे आजही झाकरी नावाने नाचले जाणारे नृत्य होते. त्यांच्या वंशजांपैकी कोणी त्या प्रवासाचा थोर ग्रंथ लिहील तर तो बहुधा क्रिओल वा फ्रेंच भाषेत लिहील, आपल्या बेटावरच्या शेजाऱ्यांसाठी लिहील, आणि मालवणास तो भाषांतरानेच, तोही उशिरा, पोचेल. त्याबद्दल माझी तक्रार राहणार नाही. स्टीफन्सने दहा हजारांवर ओव्या मराठीत रचल्या म्हणून विल्टशरच्या लोकांनी तरी कोठे फिर्याद केली?