झोप लागली का?

मराठी घरात मुक्कामाला आलेल्या पाहुण्याला सकाळी विचारायचा पहिला प्रश्न ठरलेला असतो. “झोप लागली का?” चहा टाकू का, आंघोळीला पाणी काढू का, हे सगळं त्यानंतर. हा प्रश्न मी आयुष्यभर ऐकला, विचारलाही. पण त्यात थांबून ऐकण्यासारखं काही आहे असं कधी वाटलं नव्हतं. गेल्या वर्षी जूनमध्ये, अमेरिकेतल्या पाच घरांत, पाच सकाळी तो समोर आला आणि मी थांबले.

मुलाची नोकरी न्यू जर्सीहून कॅलिफोर्नियाला बदलली होती. सामान ट्रकने गेलं, गाडी तो स्वतः चालवत नेणार होता. “तुम्ही दोघंही चला,” म्हणाला. इंटरस्टेट ८० हा रस्ता न्यू जर्सीतल्या टीनेकपासून थेट सॅन फ्रान्सिस्कोपर्यंत जातो. अकरा राज्यं, सुमारे २,९०० मैल. मुलगा फोनवर वाटेतली हॉटेलं बघू लागला. यांनी मात्र पिशवीतून पत्त्यांची जुनी वही काढली. “क्लीव्हलंडला तुझी मावसबहीण आहे. ओमाहाला माझा होस्टेलमधला दोस्त. माणसं असताना हॉटेल कशाला?”

पहिली सकाळ एडिसनला, नणंदेच्या घरी. निघताना तिने स्टीलचा एक डबा माझ्या हातात ठेवला. झाकणावर सासूबाईंचं नाव कोरलेलं, अक्षरं घासून घासून पुसट झालेली. आत थालीपिठाची भाजणी. “क्लीव्हलंडला दे. आणि डबा रिकामा परत घेऊ नकोस हं,” म्हणाली. रिकामा डबा परत करायचा नाही, हा आमच्या सासूबाईंचा नियम. त्या जाऊन वीस वर्षं झाली, पण नियम समुद्रापलीकडेही चालू होता.

क्लीव्हलंडला पोहोचलो तेव्हा संध्याकाळ झाली होती. मावसबहिणीने जय्यत तयारी केली होती. आळूवडी, पुरणपोळी, ताटाभोवती रांगोळीसुद्धा. घर दाखवून झालं, मुलांच्या पदव्यांचे फोटो पाहून झाले, आम्ही आणलेल्या साडीचं कौतुक झालं. सगळं छान होतं. तरी रात्री अंथरुणाला पाठ टेकताना वाटलं, आपण हिच्या घरी आलोय खरे, पण हिला अजून भेटलेलो नाही.

पहाटे साडेपाचला मला जाग आली. स्वयंपाकघरात दिवा होता. तिचे केस विंचरलेले नव्हते, अंगात जुना गाऊन, हातात किसणी. मला बघून म्हणाली, “झोप लागली का गं?” मी म्हटलं, “लागली की, चिमे.” ती वळून बघत राहिली. “चिमी म्हणणारं आता कुणी उरलं नाही,” म्हणाली. मग आलं किसता किसता, माझ्याकडे पाठ करून विचारलं, “बाबा शेवटी काही बोलले का गं?”

तिचे वडील, म्हणजे माझे काका, २०२० च्या मे महिन्यात पुण्यात गेले. परदेशातून येणारी नेहमीची विमानं तेव्हा बंद होती. तिने वडिलांना शेवटचा निरोप फोनच्या पडद्यावरून दिला. आम्ही शेजारच्या इमारतीत राहत असल्याने मी तिथे होते. त्यानंतर चार वर्षं आम्ही दर रविवारी फोनवर बोलत होतो, पण हा प्रश्न तिने कधी विचारला नव्हता आणि मीही आपणहून काही सांगितलं नव्हतं. त्या पहाटे सांगितलं. आदल्या दिवशी त्यांनी आंबा मागितला होता. फोडी नको म्हणाले, कोय हवी होती. ती चोखून झाल्यावर हात धुऊ देईनात. बोटांचा वास घेत पडून राहिले. ती ऐकत होती आणि आलं किसत होती. चहाला लागतं त्याच्या चौपट आलं झालं. तो जाळ चहा आम्ही दोघींनी कपभर प्यायलो, आणि दोघींच्याही डोळ्यांतून पाणी आलं.

त्या सकाळी मला एक गोष्ट उमगली. संध्याकाळी पाहुणचार होतो, भेट होते ती सकाळी. संध्याकाळी यजमान सजलेला असतो, पाहुणाही. मधली एक रात्र एकाच छपराखाली गेली की दोघांचीही सजावट उतरते. म्हणूनच आपल्याकडे ‘जेवायला येणं’ आणि ‘मुक्कामाला येणं’ या वेगवेगळ्या गोष्टी असाव्यात. जेवायला येणारा माणूस ताटापर्यंत येतो. मुक्कामाला येणारा मोरीपर्यंत, देवघरापर्यंत, औषधांच्या डब्यापर्यंत येतो, आणि कधी कधी चार वर्षं मनात अडकलेल्या प्रश्नापर्यंतही.

डब्यात बेसनाचे लाडू भरून चिमीने आम्हाला निरोप दिला. शिकागोला मुलाचा मित्र आणि त्याची बायको, दोघंही नोकरीवाली, घरात दीड वर्षाचं मूल. सकाळी उठलो तर तिघंही बाहेर पडलेली. फ्रिजवर चिठ्ठी होती: “झोप लागली असेल ना? पोहे झाकून ठेवलेत.” अशा घरात पाहुण्याचंही काही कर्तव्य असतं. तिथे हाताखाली बाई नसते, धुणं-भांडी, झाडणं-पुसणं सगळं त्यांनाच करावं लागतं. आम्ही चादरी-उशांचे अभ्रे काढून टॉवेलांसकट धुण्याच्या टोपलीत ठेवले, भांडी विसळून यंत्रात लावली, बाळासाठी चार लाडू बाजूला काढले आणि किल्ली सांगितलेल्या जागी ठेवून निघालो. आपल्या येण्याने घराला आनंद व्हावा आणि जाण्याने थकवा येऊ नये, एवढं भान पाहुण्याने ठेवलं की कुठलंही घर पुन्हा या म्हणतं.

ओमाहाला यांचे मित्र एकटेच राहतात. वहिनींना जाऊन दोन वर्षं झाली. १९६५ च्या कायद्याने अमेरिकेने आशियातल्या शिकलेल्या माणसांना दारं उघडली, त्यानंतरच्या लाटेत, सत्तरच्या दशकात ते इथे आले. रात्री दोघे मित्र होस्टेलच्या आठवणींत रमले. सकाळी मी स्वयंपाकघरात गेले तेव्हा ते टेबलावर कप मांडत होते. बारीक निळ्या फुलांचे, बशीसकट. “झोप लागली का, वहिनी? हे हिचे कप. ती गेल्यापासून काढले नव्हते. एकट्याला मग पुरतो.”

चहा घेताना त्यांनी जुनी गोष्ट सांगितली. ते आले तेव्हा ओळखीचं कुणी नव्हतं. नव्या गावात गेलं की टेलिफोनच्या पुस्तकात जोशी, कुलकर्णी, पाटील अशी आडनावं शोधायची आणि सरळ फोन लावायचा. “मी अमुक गावचा, नवीन आलोय.” पलीकडून बहुधा एकच उत्तर यायचं, “कुठे आहात? न्यायला येतो.” ज्यांचं तोंडही पाहिलेलं नाही अशा माणसाकडे ते आठवडाभर राहिले होते. आणि पुढे, हातात दोन पैसे आल्यावर, त्यांच्या घरीही असे कितीतरी जण राहून गेले. “ही कधी एका शब्दाने कुरकुरली नाही,” ते म्हणाले आणि कपाच्या कडेवरून बोट फिरवत राहिले. डब्यात काय भरावं हे त्यांना सुचेना. शेवटी लाह्या फोडायचे मक्याचे दाणे भरून दिले. नेब्रास्काचं ते पीक आहे.

पुढे वायोमिंग. मैलच्या मैल गवत, वाऱ्याने डुलणारे ट्रक, आणि शायान सोडल्यावर साडेआठ हजार फुटांवर चढणारा रस्ता. शायानला ओळखीचं कुणी नव्हतं, म्हणून मोटेलमध्ये राहिलो. खोली स्वच्छ, गादी मऊ. सकाळी काउंटरवरच्या मुलीने हसून चावीचं कार्ड परत घेतलं. तिचं काही चुकलं नाही. पण रात्री आमचा डोळा लागला की नाही, याचा विचार करणारं त्या इमारतीत कुणी नव्हतं.

त्या उघड्या माळावरून जाताना मला आनंदीबाई जोशी आठवत होत्या. एडिसनहून निघण्याआधी आम्ही मुद्दाम रोझेलला चक्कर मारून आलो होतो. या गावातल्या कार्पेंटरबाई एकदा दंतवैद्याकडे बसल्या असताना त्यांनी मासिकात छापलेलं आनंदीबाईंच्या पतीचं, गोपाळरावांचं, पत्र वाचलं आणि कोल्हापूरच्या बाजूच्या एका अनोळखी मुलीसाठी त्यांचं मन कळवळलं. पत्रं सुरू झाली. १८८३ च्या जूनमध्ये आनंदीबाई न्यूयॉर्कला उतरल्या, अठरा वर्षांच्या, पतीशिवाय. आणि पहिला मुक्काम कार्पेंटरबाईंच्या घरी झाला. आनंदीबाई त्यांना मावशी म्हणत. फिलाडेल्फियातून १८८६ मध्ये डॉक्टर होऊन परतलेल्या आनंदीबाई पुढच्याच फेब्रुवारीत पुण्यात गेल्या. बावीस वर्षंही पुरी झाली नव्हती. गोपाळरावांनी त्यांची रक्षा या मावशींकडे पाठवली. न्यूयॉर्क राज्यात पोकीप्सीला, कार्पेंटर कुटुंबाच्या जागेत, त्यांचं स्मारक आजही आहे. त्या घराने पाहुणी म्हणून आलेल्या मुलीला शेवटी आपल्या माणसांत जागा दिली.

सॉल्ट लेक सिटीला भाचा राहतो. त्याची बायको तिथलीच, मराठी शिकते आहे. सकाळी ती जिन्यावरून उतरली, क्षणभर थांबली, शब्द जुळवले आणि म्हणाली, “मामी, झोप लागला का?” मी तिला जवळ घेतलं. ते ‘लागला’ मला इतकं गोड वाटलं की दुरुस्त करावंसं वाटलं नाही. भाच्याने तिला मराठीतलं काय काय शिकवलं असेल ते असो, सून म्हणून घरात शिरायचा दरवाजा तिने बरोबर शोधला होता.

कॅलिफोर्नियाला पोहोचल्यावर डब्यात तिथले बदाम भरले. तो डबा नणंदेने मलाच ठेवायला सांगितला. आता तो पुण्यात, माझ्या ओट्यावर आहे. त्याच्याकडे बघताना एक गोष्ट मनाला लागते. ही सगळी मंडळी डिसेंबरात पुण्याला येतात. आम्ही काय म्हणतो? “एकदा जेवायला या.” त्यांना आपल्याकडे आवडेल का, न्हाणीघर चालेल का, डास चावतील का, असल्या विचारांनी आपणच त्यांना मुक्कामाचं आमंत्रण देत नाही. तीन आठवड्यांत ती बिचारी जेवणावळींमागून जेवणावळी करत धावतात आणि कुणालाही न भेटता परत जातात. त्यांनी तिकडे आम्हाला आपल्या सकाळी दिल्या. आम्ही त्यांना इकडे फक्त दुपारची ताटं वाढली.

आज पहाटे उठल्या उठल्या क्लीव्हलंडला फोन केला. तिकडे आदल्या दिवशीची संध्याकाळ होती. म्हटलं, “चिमे, डिसेंबरात आलीस की चार दिवस माझ्याकडे राहायचं. मच्छरदाणी धुऊन ठेवते.” पलीकडे ती थोडा वेळ काही बोललीच नाही. मग म्हणाली, “आलं मी किसणार.”

तिच्यासाठी आतल्या खोलीतली गादी आज उन्हात टाकते आहे. डिसेंबर लांब आहे, पण इतक्या वर्षांत न विचारलेलं असं माझ्याही मनात काही आहे. आणि ते विचारायला मला तिची एक सकाळ हवी आहे.