नाव कुणासाठी?

माझ्या भाचीला अर्थशास्त्र शिकायचे आहे. मुंबईच्या एका नामांकित कॉलेजात प्रवेश मिळत असता तिने अलिबागचेच धरले. मी रागावलो.

ती म्हणाली, "मामा, मैत्रिणीबरोबर मी त्या वर्गात बसून आले. प्रश्न विचारायला तोंड उघडेना. इथल्या बाई मुलांना थळच्या बंदरावर नेतात, मासळीचा लिलाव दाखवतात आणि विचारतात, भाव का पडला?"

मी आमच्या जिल्ह्याचा दाखला दिला. महाडजवळ नाते गावी 1896 साली जन्मलेले चिंतामणराव देशमुख केंब्रिजला गेले. 1943 साली रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले.

"पण केंब्रिजला ते वनस्पतिशास्त्र शिकले ना?" ती हसली.

मी निरुत्तर झालो. ही आवड की भित्रेपणा, हा प्रश्न मी तिला विचारणार होतो. तो माझ्यावरच उलटला. मोठ्या नावाची गरज तिला नव्हती. चारचौघांत सांगायला ते मला हवे होते, आणि त्याची किंमत मात्र तिने तीन वर्षे मोजायची होती.

उद्या पहाटे तिच्याबरोबर बंदरावर जाणार आहे. भाव का पडतो, मलाही ठाऊक नाही.